‘फावेल’ म्हणालीस, आत्या

अन्याय झाला तो वासंतीआत्यावर. कधी, तर उत्तरायणानंतरच्या, म्हणजे संक्रांतीनंतरच्या, पहिल्या शनिवारी, सकाळी, चहाचा दुसरा कप होत असताना. कुठे, तर बडोद्यात, दांडिया बाजारातल्या तिच्या स्वतःच्या घरात. केला तो तिच्या दोन सख्ख्या भावांनी, एका भावजयीने, एका भाच्याने आणि त्याच्या बायकोने. कुणी हात उगारला नाही. कुणी आवाजसुद्धा चढवला नाही. सगळे हसत होते, आणि सगळ्यांत मोठ्याने हसत होती ती आत्याच.

बघ आत्या, तू शिकवलंस तसंच सुरू केलंय. कोण, कधी, कुठे. माझ्या पहिल्या पत्रकात मी ‘निर्ढावलेल्या, संवेदनाशून्य प्रशासनाने’ असं लिहिलं होतं, तेव्हा तू चष्मा नाकावर ओढून म्हणाली होतीस, "हे काय लग्नाचं आमंत्रण आहे? मकरपुऱ्याच्या बसस्टॉपवर छप्पर नाही. एवढंच लिही ने. कधीपासून नाही ते लिही. खाली सही कर." पुढे माझं प्रत्येक पत्रक छापायला जायच्या आधी तुझ्या हाताखालून गेलं. ‘कृपया’ तू खोडायचीस. ‘नम्र विनंती’वर तर अशी काट मारायचीस की कागद फाटायचा. "विनंती कसली? मागतेयस ना? मग माग."

आणि हे सांगणारी बाई स्वतः आयुष्यभर काय म्हणत राहिली? ‘फावेल मला.’

तुझ्या तेराव्याला घरात तुझ्याविषयी जे बोललं गेलं ते ऐकायला तू हवी होतीस. शरदकाका, तुझा पुण्याचा धाकटा भाऊ, म्हणाला, "ताईने आयुष्यात कधी कशाची हाव धरली नाही." काकू म्हणाली, "कधी काही मागितलं नाही हो त्यांनी." बाबांनी, म्हणजे तुझ्या मोठ्या भावाने, मान हलवली. बाबा मान हलवण्यात पटाईत आहेत. काकाच्या निनादने तर तुझा फोटो स्टेटसवर लावला होता, खाली दोन जोडलेले हात. मी ताटं उचलत होते. खोटं बोलताय सगळे, असं ओरडले, पण नेमका स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला आणि कुणाला ऐकू गेलं नाही. म्हणून लिहितेय. इथे मिक्सर नाही.

तुला हाव होती. चांगली सणसणीत हाव होती. तुला एक रात्र हॉटेलात राहायचं होतं. परगावी नाही, परदेशी नाही. आपल्याच बडोद्यात.

लोक यावर हसतील. ज्यांचं घर बडोद्यासारख्या वाटेवरच्या गावात नाही त्यांनी खुशाल हसावं. मुंबईहून अहमदाबादला निघालेला, दिल्लीहून पुण्याला परतणारा, मुलीचं स्थळ बघायला जवळच्या सावली गावाला जाणारा, प्रत्येक नातेवाईक मधे आपल्याकडे उतरणार. अंघोळ, जेवण, एक झोप, पुढची गाडी. पलंग त्यांना, हॉलमधली गादी तुला. ‘आत्या आहेच’ हे आपल्या घराचं खरं नाव होतं. आणि नोकरी बघ तुझी! मकरपुऱ्याच्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर. बाहेरगावचे साहेब यायचे, त्यांच्यासाठी खोल्या तू धरायचीस. "रस्त्याकडची नको, मागची द्या. साहेबांना दोन उशा लागतात." शहरातल्या निम्म्या हॉटेलांना तुझा आवाज पाठ होता, आणि त्यातल्या एकाही उशीला तुझं डोकं कधी टेकलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर एकदा भाजी निवडताना तू मला म्हणालीस, "मला एकदा सकाळी उठायचंय आणि बघायचंय की चहा दुसऱ्या कुणीतरी केलाय. आणि मी तो अर्धा तसाच ठेवला तरी कुणाला वाईट वाटणार नाही." एवढं बोलून तू वालपापडीचे दोर काढायला लागलीस. ही तुझी हाव. मी जगात यापेक्षा मोठ्या हावा बघितल्या आहेत आणि त्यांच्याविरुद्ध पत्रकंही काढली आहेत. पण इतकी हक्काची हाव बघितली नाही.

मग दिवाळीनंतर निनादने तो ग्रुप काढला. ‘बडोदा धमाल, ओन्ली मोठे.’ अट एकच, पोरंबाळं आणायची नाहीत. सगळी मोठी माणसं, शनिवार-रविवार, बडोदं फिरायचं, खायचं, मजा करायची, आणि उतरायचं हॉटेलात. ‘घरी कुणाला त्रास नको,’ असं त्यानेच लिहिलं होतं. ते तू मला दोनदा वाचून दाखवलंस. "बघ ने, पोरगं किती शहाणं झालं!" तुला वाटलं, त्या ‘कुणाला’मध्ये तू आहेस.

त्यानंतर त्यांनी तुला कामाला लावलं. आत्या, राजवाडा आतून बघायला किती वेळ लागतो? आत्या, सेव उसळ कुठली, आणि हिला तिखट झेपेल का? तो ओला लीलो चेवडो पुण्यापर्यंत टिकेल का? कमाटीबाग सकाळी की संध्याकाळी? मांडवीत गाडी लावायला जागा आहे का? तू प्रत्येक प्रश्नाला बोलून उत्तर पाठवायचीस, आणि सुरुवात दर वेळी तीच, ऑपरेटरच्या आवाजात: "नमस्कार, वासंती बोलतेय." ग्रुपवर! निनाद हसून लोळणारी चित्रं टाकायचा. तुला ती कौतुकाची वाटायची. अलकापुरीतलं हॉटेलही तूच सुचवलंस, मागच्या बाजूच्या खोल्या घ्या हेही तूच सांगितलंस.

मग निनादने विचारलं, "आत्या, तू पण हॉटेलवर राहायला येणार ना?"

या वेळी तू बोलून नाही, लिहून पाठवलंस, "फावेल मला." आणि पुढे गुलाबाचं फूल.

हे वाचणारे सगळे बडोद्याचे नसतील, म्हणून इथे थांबून सांगते. पुण्या-मुंबईच्या मराठीत फावणं म्हणजे सवड मिळणं. फावला वेळ म्हणतात तो त्यातलाच. नाहीतर मग दुसरा अर्थ, कुणाच्या तरी अडचणीत आपला फायदा होणं: ‘त्याचं चांगलंच फावलं.’ ‘ना’ला ‘ने’ म्हणणाऱ्या बडोद्यातल्या मराठी घरांत मात्र हा शब्द गुजराती ‘फावशे’च्या मांडीवर वाढलाय. फावेल म्हणजे चालेल, जमेल, आवडेल. कालचा भात फावेल का? खिडकीशी झोपायला फावेल का? हॉटेलात राहायला फावेल, म्हणजे हो. म्हणजे येतेय. म्हणजे माझी खोली धरा.

पुण्यात त्याचा अर्थ लावला गेला, सवड मिळाली तर येऊन जाईल.

चूक म्हणायची? रविवारच्या जेवणापर्यंत मीही चूकच म्हणत होते.

तू मंगळबाजारात जाऊन गाऊन आणलास, निळा, बारीक पांढऱ्या फुलांचा. "हॉटेलात घरचा गाऊन बरा दिसतो का? सकाळी चहावाला दार वाजवेल." नवा ब्रश आणलास. लाल बॅग गुरुवारीच भरून खाटेवर ठेवलीस, आणि मला सांगितलंस, "आपण दोघी एका खोलीत. तू घोरतेस, पण फावेल मला." आई गेल्यापासून घरात आपण तिघंच, तू, बाबा आणि मी. ती बॅग मी बघितली. बाबांनीही बघितली. तिच्याशेजारी बसून त्यांनी पेपर वाचला. हे इथे मुद्दाम लिहून ठेवतेय.

शनिवारी सकाळी मी घरी नव्हते. मकरपुऱ्याला पहिल्या पाळीच्या कामगारांना बसस्टॉपचं पत्रक वाटत होते, आणि दुपारी घरून कपडे घेऊन थेट हॉटेलवर पोचणार होते. तेव्हा पुढचं सगळं तुझ्या तोंडून ऐकलेलं, आणि नंतर बाबांनी मोठ्या निरागसपणे दुजोरा दिलेलं.

पुण्याची गाडी थेट घरी आली. चहा घेऊन पुढे जायचं होतं. काका सोफ्यावर पाय पसरून म्हणाला, "चहा तुझ्याच हातचा पाहिजे, ताई. हॉटेलात काय, पिशवीतलं गरम पाणी." तू चहा केलास. लगेच दुसराही केलास. निनादने खोल्यांची वाटणी सांगितली. एक तो आणि त्याची बायको. एक काका-काकू. एक बाबा, आणि त्यात माझ्यासाठी जादा गादी. मग तो थांबला. तुला वाटलं, श्वास घ्यायला थांबलाय. तू कप हातात धरून चौथ्या खोलीची वाट बघत उभी राहिलीस. त्याने बिस्किट चहात बुडवलं.

तेवढ्यात काकूला दारामागची बॅग दिसली. "अय्या, ताई, तुम्ही कुठे निघालात?"

निनाद म्हणाला, "आत्या, तू तर फावेल तेव्हा येईन म्हणाली होतीस ना? आम्ही म्हटलं, तू संध्याकाळी जेवायला येऊन जाशील."

आणि काका, तुझा सख्खा भाऊ, म्हणाला, "अगं, तू तर इथलीच! तुला काय बघायचंय बडोद्यात?"

इथे, आत्या. इथे तू एक वाक्य बोलायचं होतंस. ‘मी यायला निघालेय, माझी खोली कुठे आहे?’ विशेषण नको, विनंती नको. त्याऐवजी तू काय म्हणालीस?

"छे रे, मी कुठे जाते! जुने कपडे आहेत. द्यायला काढलेत."

सगळे हसले. निनादची बायको म्हणाली, "मला वाटलं, आत्या बॅग भरून पळून चालल्या!" त्यावर तू जास्तच हसलीस. आणि मग बाबा, गुरुवारी त्याच बॅगेशेजारी पेपर वाचलेले बाबा, म्हणाले, "मग दे ने. गाडी आहेच. पाणीगेटकडे एक संस्था कपडे घेते, आम्ही मांडवीला जाणारच आहोत. घरात कशाला पसारा?"

तू म्हणालीस, "हो, न्या ने."

काकाने बॅग उचलली. "जड आहे गं. एवढे कपडे जुने झाले?"

"वय झालं त्यांचं," तू म्हणालीस. आणि त्यांना सोडायला लिफ्टपर्यंत गेलीस. लिफ्टचं दार तूच ओढून लावलंस.

मी दुपारी आले तेव्हा तू टेबलाशी वाटाणे सोलत बसली होतीस. मी विचारलं, "अगं, तू अजून इथेच? बॅग कुठंय?"

"दान केली."

"म्हणजे?"

मग तू सगळं सांगितलंस, नकला करून, काकूच्या ‘अय्या’सकट. "टॅगसकट गाऊन गं! ब्रशचं पाकीटसुद्धा फोडलेलं नाही. जी बाई बॅग उघडेल ती म्हणेल, या लोकांचे जुने कपडे असे, तर नवे कसे असतील!" आणि तू इतकी हसलीस की ठसका लागला आणि डोळ्यांतून पाणी आलं. ते पाणी ठसक्याचं होतं असं तू म्हणालीस. मी मान्य केलेलं नाही.

मी फोन उचलला. तू म्हणालीस, "कर ने फोन. काय सांगशील? वासंतीला हॉटेलात झोपायचंय? या वयात?"

"मग आपण दोघी जाऊ. दुसऱ्या हॉटेलात. आत्ताच्या आत्ता. मी खोली घेते."

"मला खोली नको होती," तू म्हणालीस. "खोल्या मी आयुष्यभर धरल्या. माझ्यासाठी दुसऱ्या कुणी धरायला पाहिजे होती."

"मग हेच सांग त्यांना!"

"मागून आलेलं बोलावणं, बोलावणं असतं का?"

"वा! माझ्या पत्रकातली विनंती खोडताना तर म्हणतेस, माग म्हणून."

तू वाटाणे सोलणं थांबवलंस. "तुझं बरं आहे, पत्रकबाई. तू म्युनिसिपालिटीकडे मागतेस. म्युनिसिपालिटी तुझा भाऊ नाही."

यावर मी आवाज वाढवला. तुला मी भित्री म्हणाले. ढोंगी म्हणाले. तुझ्यासारख्या बायकांमुळेच अशी माणसं तयार होतात, असंही म्हणाले, आणि त्यातलं एक अक्षर मी आजही मागे घेत नाही. तू सगळं ऐकून घेतलंस आणि मग, अगदी शांतपणे, ऑपरेटर ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ म्हणते तशा आवाजात म्हणालीस, "खरं सांगू? तू माझ्यासाठी भांडत नाहीयेस. तुला विषय पाहिजे. माझ्यावर पत्रक काढू नकोस हां."

आत्या, तूही काही कमी नव्हतीस. घाव कुठे घालायचा ते तुला नेमकं ठाऊक असायचं. फक्त तो भावांवर घालत नव्हतीस, एवढंच.

मी हॉटेलवर गेले नाही. निनादने विचारलं, "काय गं, मूड ऑफ?" मी फोन ठेवला. आपण दोघींनी वाटाण्याची उसळ खाल्ली आणि आपापलं ताट घासलं.

रविवारी ते सगळे जेवायला आले, कारण ‘हॉटेलचं खाऊन कंटाळा आला, घरचं पाहिजे’. तू उंधियू केला होतास, मसालेभात केला होतास. मी तुला म्हटलं होतं, करू नकोस. तू म्हणालीस, "भाजीने काय पाप केलंय?" ते राजवाड्याचे फोटो दाखवत होते. हॉटेलचा नाश्ता किती प्रकारचा होता ते सांगत होते. काकू म्हणाली, "आणि सकाळी उठावं तर चहा दारात! मी तर अर्धा टाकलाच." तिला काही माहीत नव्हतं. तिला दोष देत नाही. पण तुझ्या हातातली पळी मी बघत होते.

टेबलाला खुर्च्या कमी पडल्या. तू विचारलंस, "शरद, खुर्ची आणू की खाली पाट ठेवू?"

आणि काका, फोनवर बोट फिरवत, वर न बघता म्हणाला, "खाली फावेल मला."

तू पाट ठेवायला वाकली होतीस. तशीच राहिलीस.

मी विचारलं, "काका, काय म्हणालास?"

"काय म्हणालो?"

"खाली फावेल म्हणालास. म्हणजे सवड मिळाली तर बसशील का खाली?"

काकू हसली. निनादला काही कळलं नाही. काकाला कळलं. त्याचा अंगठा फोनवर थांबला. मी म्हटलं, "निनाद पुण्यात जन्मला, त्याला शब्द कळला नाही, समजू शकते. तू याच घरात वाढलास. कॉलेज संपेपर्यंत दिवसातून दहादा हा शब्द बोललास. आत्याने ‘फावेल मला’ लिहिलं, ते तू वाचलंस. तुला कळलं नाही?"

बाबा म्हणाले, "जेवताना हे काय?" बाबांना सगळं जेवताना नको असतं, जेवल्यानंतर झोप असते.

काका आधी म्हणाला की बुकिंग निनादने केलं. मग म्हणाला की तो ग्रुप नीट वाचत नाही. आणि मग कंटाळून खरं बोलला. "बरं, कळलं होतं. मग? ताई बरोबर असली की तिच्या चालीने चालायचं, दर दहा पावलांवर थांबायचं, हिला ओळख दे, त्याला नमस्कार कर. आम्हाला दोन दिवस मोकळं फिरायचं होतं. त्यात गुन्हा काय आहे? आणि जिचा प्रश्न आहे तिला राग नाही, तुला कशाला येतोय?" मग तो तुझ्याकडे वळला. "काय गं ताई, तुला आला का राग?"

सगळं टेबल तुझ्याकडे बघत होतं. आत्या, मी आजवर मोर्चात उभी राहिलेय, पोलिसांच्या गाडीत बसलेय, पण इतकी वाट कधी कशाची बघितली नव्हती.

तू मला म्हणालीस, "गप बस गं तू. जेवू दे त्याला. लांबचा प्रवास आहे." आणि त्याच्या ताटात उंधियू वाढलास, त्यातले मेथीचे गोळे, मुठिया, निवडून निवडून.

चांगलंच फावलं त्याचं. पुण्याच्या अर्थाने.

निघताना काकूने पर्समधून हॉटेलच्या छोट्या बाटल्या काढल्या, शांपू, अंगाला लावायचं क्रीम, एक चपटा साबण. "ताई, तुमच्यासाठी मुद्दाम आणलंय. वास बघा किती छान!" तू त्यांचा वास घेतलास. छान आहे म्हणालीस. गाडी कोपऱ्यावर वळली तशी आत जाऊन त्या बाटल्या पाहुण्यांच्या बाथरूममध्ये मांडून ठेवल्यास. पुढच्याच आठवड्यात काकाचा एक मित्र कामासाठी बडोद्याला आला. अर्थातच घरी उतरला, तुझ्या पलंगावर झोपला, आणि त्याच शांपूने न्हाला. दिवसभर घराला हॉटेलचा वास होता. तुला हॉटेल मिळालं ते एवढंच.

तू त्यांच्यामुळे गेलीस असं मी लिहिणार नाही. डॉक्टर म्हणाले, हृदयाची नस बंद झाली, कुणालाही होऊ शकतं. रिक्षात बसून भाजी घेऊन येत होतीस, रिक्षावाल्याने मागे बघितलं तेव्हा तू नव्हतीस. मी पत्रकात खोटं लिहीत नाही, ते तूच शिकवलंस. पण तुझ्या मरणाचा आणि त्यांचा संबंध नाही म्हणून त्यांची सुटका होत नाही. तुझ्या जगण्याशी संबंध होता. तो पुरे.

तेरा दिवस काका-काकू आपल्याकडेच राहिले. या वेळी हॉटेलाची आठवण कुणाला झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काका खोलीतून बाहेर आला, स्वयंपाकघराकडे तोंड करून सवयीने म्हणाला, "चहा झाला का गं?" आणि मग त्याला कळलं की कुणाला विचारलं. तो तिथेच खुर्चीवर बसला आणि रडला. खरं रडला, आत्या. मी बघत उभी होते. मला दया आली नाही. मी त्याला चहाही केला नाही. वाईट वाटलं असेल तुला, तर वाटू दे.

माझा राग तुझ्यावरही आहे. तुझ्यावरच जास्त आहे. मी पहिल्यांदा एका साहेबाला फोन लावला आणि रिंग वाजताच ठेवून द्यायला निघाले, तेव्हा तू रिसीव्हर माझ्या कानाशी दाबून म्हणाली होतीस, "साहेब खुर्चीत बसलेला असतो म्हणून मोठा वाटतो. वायरीतून सगळे सारखेच येतात. बोल." त्या एका वाक्यावर मी आजपर्यंत उभी आहे. नेत्याला, अधिकाऱ्याला, बिल्डरला मी त्याच वाक्याच्या बळावर फोन करते. मला तू आवाज दिलास आणि स्वतःचा भावांच्या ताटात वाढून टाकलास. याबद्दल तुझे आभार मानू की तुला झापू, ते मला अजून कळलेलं नाही. दोन्ही करतेय, एकाच तोंडाने.

त्या दुपारी तू म्हणालीस, मला विषय पाहिजे. उत्तर द्यायचं राहिलं होतं. हो, पाहिजे. तूच विषय आहेस. बसस्टॉपवर छप्पर नाही म्हणून मी उन्हात उभी राहते, कारण तिथे रोज कुणीतरी भाजतं आणि ‘फावेल’ म्हणतं. घरातही तसंच कुणीतरी भाजत होतं, ते बघून गप्प बसले असते तर बाहेरची सगळी पत्रकं रद्दीत गेली असती. तू काढू नकोस म्हणालीस. मी काढलं. विशेषणं राहिली असतील काही, ती खोडायला आता तू नाहीस.

आता तुम्ही. हो, तुम्हीच, हे वाचणारे. तुमच्याही फोनमध्ये असा एक ग्रुप असेल. तारखा जुळवणं चाललंय, पोरं कुणाकडे ठेवायची ते ठरलंय, काय काय खायचं त्याचे फोटो पडतायत. आणि घरातली एक जण म्हणाली असेल, ‘माझं काय, मला कुठेही चालेल, मी घरी थांबले तरी चालेल,’ आणि तुम्हाला मनातून बरं वाटलं असेल. तिला पुन्हा विचारू नका. ती नको म्हणणार हे माहीत असतं, म्हणूनच आपण इतक्या प्रेमाने विचारतो. आज, हा कागद खाली ठेवायच्या आधी, हॉटेलला फोन लावा. तिचं पूर्ण नाव सांगा, जादा गादी नको म्हणून सांगा. आधी तिची खोली धरा. मग तिला फोन करा.